'घरगुती जेवण मिळेल'

आमच्या थोरलीला नुकतं वाचता यायला लागलं आहे. त्यामुळे मे महिन्यात आम्ही पुण्याहून गुहागरला गाडीने निघालो, तेव्हा रस्त्यावरची एकही पाटी तिने सोडली नाही. ताम्हिणी घाट उतरून माणगावला मुंबई-गोवा महामार्गाला लागलो आणि तिला खेळच सापडला. 'घरगुती जेवण मिळेल' असा फलक दिसला की तो मोठ्याने वाचायचा आणि बोटांवर मोजायचा. चिपळूण येईपर्यंत तेवीस झाले. मध्येच तिने विचारलं, "आई, घरगुती म्हणजे काय?" मी म्हटलं, "घरी करतात तसं." थोडा वेळ गप्प बसून ती म्हणाली, "म्हणजे इथे पण आईच करते?"

गाडीत सगळे हसले. मीही हसले. पण त्या चार दिवसांत हा प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही. कुटुंबाची सहल, वाटेतलं खाणंपिणं हा काही आपल्या चळवळीचा विषय नाही, असं एरवी मीही म्हटलं असतं. पण ज्या गोष्टी 'आनंदाच्या' म्हणून आपण तपासायच्या सोडून देतो, तिथेच बाईचे श्रम सर्वांत जास्त गृहीत धरलेले असतात, असं आता मला वाटतं.

सुरुवात माझ्याच घरापासून करते. निघायच्या आधीच्या दोन दिवसांत नवऱ्याने गाडी तपासून आणली, चाकांत हवा भरली, पेट्रोल भरलं आणि जाहीर केलं, "तयारी झाली." त्याने त्याच्या वाट्याचं काम नीट केलं होतं, यात शंका नाही. त्याच दोन दिवसांत मी काय केलं? चौदा महिन्यांच्या धाकट्याचे लंगोट, दुपटी, नाचणीचं सत्त्व, डाळ-तांदळाची भरड आणि गरम पाण्याचा थर्मास भरला. थोरलीला गाडी लागते म्हणून गोळ्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या घेतल्या. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या मोजून घेतल्या. लहान मुलांना बाहेरचं नको म्हणून दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी केली. फ्रिजमधलं उरलंसुरलं संपवलं, दूधवाल्याला सांगितलं, कुंड्यांना पाणी घालायला शेजारच्या काकूंना किल्ली दिली. पहाटे साडेपाचला निघायचं म्हणून मी साडेतीनला उठले होते.

ही यादी मी तक्रार म्हणून देत नाही. यातलं प्रत्येक काम आवश्यक होतं. पण त्यातल्या एकाही कामाला घरात कुणी 'तयारी' म्हणत नव्हतं, आणि मीसुद्धा म्हणत नव्हते. सुट्टी सगळ्यांची होती. माझं स्वयंपाकघर तेवढं माझ्याबरोबर गाडीत बसून आलं होतं.

सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाप्रमाणे घरातली बिनमोबदल्याची कामं करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. अशी कामं करणारे पुरुष ८८ मिनिटं. मुलांची आणि आजाऱ्यांची काळजी घेण्याचा वेळ यात धरलेला नाही. तो वेगळा, स्त्रियांचा १३७ आणि पुरुषांचा ७५ मिनिटं. आपल्या बैठकांत आपण हे आकडे सांगतो. पण सहलीचा दिवस आपणही सुट्टीचा म्हणूनच मोजतो. त्या दिवशी २८९ मिनिटं कमी होतात का? माझ्या अनुभवाप्रमाणे ती वाढतात, आणि शिवाय ती हलत्या गाडीत करायची असतात.

गाडीत बसायची जागा ठरवताना कुणी चर्चा केली नाही. नवरा गाडी चालवणार. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्या पुढे. मागे मुलांमध्ये मी. मला गाडी चालवता येते, परवाना आहे, कामानिमित्त मी तालुक्याच्या गावी एकटी गाडी घेऊन जाते. पण "घाट आहे, मी घेतो," असं नवरा म्हणाला आणि मी "बरं" म्हणाले. एकाचं उलटणं, दुसऱ्याचं रडणं, दोघांची भूक आणि दोघांची शी-शू हे सगळं मागच्या सीटवर राहिलं. पुढच्या काचेतून निसर्ग दिसत होता.

ताम्हिणीत करवंदांचे द्रोण घेऊन बसलेल्या बायका दिसल्या. गाडी थांबवली. पळसाच्या पानाच्या द्रोणात काळीभोर करवंदं आणि शेजारच्या टोपलीत जांभळं. बाई कातकरी होती. करवंदाच्या जाळीत हात घालून ती तोडायची म्हणजे हात ओरबाडून निघतात, हे तिच्या मनगटांवर दिसत होतं. तिने वीस रुपये सांगितले. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "दोन द्रोण तीसला दे." तिने दिले. शहरात भाजी घेताना हे आपल्या जिभेला इतकं सवयीचं झालेलं असतं की आपण घासाघीस करतो आहोत हेही कळत नाही. तासाभराने आम्ही एका मोठ्या हॉटेलात चहा प्यायलो. छापील दराचं बिल मी मुकाट्याने दिलं. मी समाजकार्य शिकले आहे, असंघटित क्षेत्रातल्या स्त्रियांवर प्रशिक्षणं घेते. तरी तिच्या दहा रुपयांचा हिशेब मी केला आणि हॉटेलच्या दराचा केला नाही.

या बायकांना कायद्याचा आधार किती, तेही पाहावं. २०१४ साली पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण त्यातल्या समित्या, नोंदणी, ओळखपत्रं ही सगळी यंत्रणा शहरांच्या कारभाराला जोडलेली आहे. घाटातल्या वळणावर, गावाच्या हद्दीबाहेर टोपली घेऊन बसणारी बाई त्या चौकटीत सहजासहजी येत नाही. रस्ता रुंद होतो, कठडे येतात, गाड्यांचा वेग वाढतो, आणि गाडी थांबायची तिची जागाच नाहीशी होते. या महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. खड्ड्यांबद्दल आपण सगळे पुष्कळ बोललो. त्या कडेला बसून पोट भरणाऱ्या बायकांचं काय झालं, हे फारसं कुणी विचारलं नाही.

महाडला आम्ही मुलांना घेऊन चवदार तळ्यावर गेलो. थोरलीला सांगितलं की या तळ्यावर गुरांना पाणी पिता येत होतं, पण काही माणसांना बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह इथे आले आणि ते पाणी प्यायले. तिने विचारलं, "तहान लागली तरी देत नव्हते?" याच गावी त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. तो दिवस आपल्यातल्या अनेक संघटना भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळतात. मी उत्साहाने बोलत होते. सासूबाईही ऐकत होत्या.

तासाभराने जेवायला एका खानावळीपाशी थांबलो. फलक अर्थातच 'घरगुती जेवणा'चा. सासूबाई पायरीवर थबकल्या आणि हळूच म्हणाल्या, "कुणाचं आहे गं हे?" त्यांना काय विचारायचं होतं ते मला नीट कळलं. मी म्हटलं, "स्वच्छ आहे, चला." म्हणजे त्यांनी जे विचारलं त्याला मी बगल दिली. चवदार तळ्यावर मोठमोठ्याने बोलणारी मी खानावळीच्या पायरीवर गप्प बसले. मुलं भुकेली होती, ऊन होतं, सहलीत वाद नको होता. कारणं खरी आहेत. पण दर वेळी अशी खरी कारणं मिळतातच.

'घरगुती' या शब्दाकडे मग मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. घर म्हणजे कुणाचं घर? रस्त्यावरचे फलक कधी पद्धत सांगतात, कधी आडनाव सांगतात, कधी देवाचं नाव सांगतात. त्यात आपल्या चवीचा अभिमान असतो हे खरं, पण येणाऱ्याला दिलेला एक दिलासाही असतो, की इथे तुम्हाला चालेल अशाच घरातलं मिळेल. घाटातल्या कातकरी बाईने तोडलेली करवंदं आपण तिथेच उभं राहून खातो. रानातल्या फळाला विटाळ नाही. पण ती बाई उद्या चूल मांडून 'घरगुती जेवण मिळेल' असा फलक लावेल आणि आपल्या गाड्या तिथे थांबतील, असं आज म्हणता येतं का? आपल्यापैकी किती जणी थांबतील?

खानावळीत गल्ल्यावर मालक बसले होते. वागणं अदबीचं, बोलणं गोड. जेवण उत्तम होतं. तांदळाची मऊसूत भाकरी, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, ज्यांना हवे त्यांना तळलेले बांगडे, आणि सोलकढी. धाकट्याला अंगावर पाजायचं होतं आणि बाहेर आडोसा नव्हता. मालक म्हणाले, "आत जा ताई, आमची बाईमाणसं आहेत." अशी मी स्वयंपाकघरात गेले.

आत दोन चुली आणि एक गॅस. पत्र्याच्या छपराखाली मेच्या दुपारी काय होत असेल ते सांगायला नको. एक बाई चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती. दुसरी, मालकांची बायको, मासे तळत होती, आमटी वाढून देत होती आणि बाहेरून येणाऱ्या हाकांना उत्तरं देत होती. तिने मला पोत्यावर बसायला जागा करून दिली, धाकट्याच्या पायाला हात लावून बघितला आणि म्हणाली, "ऊन बाधलंय ओ पोराला. थोडी पेज देऊ?" मी पाजत बसले आणि आम्ही बोललो.

ती पहाटे चारला उठते. आधी घरच्यांचं, मुलांचे डबे, मग खानावळीचं. सुट्टीच्या दिवसांत दीडशेच्या वर भाकऱ्या होतात. ती स्वतः शेवटचं गिऱ्हाईक उठल्यावर जेवते, चार-साडेचारला. मी विचारलं, "पैशांचं कोण बघतं?" म्हणाली, "गल्ल्यावर हे असतात ना." भाकऱ्या थापणाऱ्या बाईला रोज किती मिळतो, तेही तिने सांगितलं. मग मी सहज म्हटलं, "आणि तुम्हाला?" ती हसली. तिला प्रश्न विचित्र वाटला असावा. भाकरीवाल्या बाईकडे हात करून म्हणाली, "ती कामाला हाय. मी घरची."

गेली दहा वर्षं मी स्त्रियांच्या सल्ला केंद्रात काम करते. अदृश्य श्रमांवर कितीतरी वेळा बोलले असेन. पण एकाच चुलीपाशी, एकच काम करणाऱ्या दोन बायकांमधली ही रेघ इतकी स्पष्ट मला कधी दिसली नव्हती. एकीच्या श्रमाला दर आहे, कितीही कमी असला तरी आहे. दुसरीच्या श्रमाला दर नाही, कारण ती घरची. आणि तिच्या या घरचेपणालाच बाहेर फलकावर किंमत आहे! 'घरगुती' म्हणून आम्ही गाडी थांबवतो. चव, स्वच्छता, माया, हे सगळं त्या एका शब्दात विकलं जातं. ज्या बाईमुळे तो शब्द खरा ठरतो, तिच्या हातात त्यातला रुपया पडत नाही. फलकावर नाव मुलाचं होतं. भिंतीवर चौकटीत लावलेला अन्न नोंदणीचा कागद मालकांच्या नावाचा होता. जागाही त्यांच्याच नावावर असणार.

कुणी म्हणेल, संसार दोघांचा असतो, पैसे घरातच जातात ना? जातात. पण उद्या ती आजारी पडली, तो वारला, किंवा त्याने तिला बाहेर काढलं, तर काय? आपल्या केंद्रांवर येणाऱ्या बायकांना पोटगीच्या अर्जात 'व्यवसाय' या रकान्यात काय लिहावं लागतं ते आपण जाणतो. वीस वर्षं खानावळ चालवलेली बाई तिथे 'घरकाम' लिहिते. बँकेला दाखवायला तिच्याकडे एक कागद नसतो.

कायद्याचीही गंमत बघा. मोटार अपघाताच्या भरपाईच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली आणि पुन्हा २०२१ साली म्हटलं आहे की गृहिणीच्या कामाला आर्थिक मोल आहे आणि ते धरूनच भरपाई ठरवली पाहिजे. म्हणजे याच रस्त्यावर गाडीखाली सापडून ती मेली, तर तिच्या श्रमांची किंमत काढली जाईल. रस्त्याच्या कडेला जिवंतपणी राबते आहे तोवर मात्र किंमत शून्य.

हा प्रश्न नवा नाही आणि त्याचं उत्तर शोधणाऱ्याही आपल्यातच होऊन गेल्या. मुंबईच्या गिरण्यांत काम करायला याच कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून पुरुष एकटे गेले. त्यांना जेवू घालणाऱ्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका दहा-बाय-दहाच्या खोलीत रोज कितीतरी जणांचा स्वयंपाक करायच्या. त्याही 'घरगुती'च जेवण देत होत्या. वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यांत त्या पिचत होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांना त्यांच्या स्वतःच्या नावावर मिळवून दिलं. भाकरी थापणं हे काम आहे, ते करणारी बाई कामगार आहे आणि बँकेच्या लेखी ती उद्योग करणारी आहे, हे त्या कर्जाच्या कागदाने मान्य केलं. पन्नास वर्षांनंतर त्याच कोकणच्या रस्त्यावर मला भेटलेली बाई स्वतःला 'घरची' म्हणते आहे. मधल्या काळात बचत गट झाले, योजना झाल्या. पण नवऱ्याच्या खानावळीत राबणारी बाई यांतल्या कशातच धड बसत नाही. ती मजूर नाही, मालक नाही, गटाची उद्योजिकाही नाही.

आता रस्त्याबद्दल थोडं. पुण्याहून गुहागरला पोहोचेपर्यंत मी फार कमी पाणी प्यायले. अंगावर पाजणाऱ्या बाईने पाणी कमी पिऊ नये, हे मी इतर बायकांना सांगते. पण वाटेतल्या दोन ठिकाणी स्त्रियांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं, एका ठिकाणी दाराला कडी नव्हती. पुरुष गाडी थांबवतात, रस्त्याच्या कडेला जातात, परत येतात. आपण थांबा शोधतो. सासूबाईंनी आयुष्यभर हेच केलं असणार. त्या म्हणाल्या, "आम्ही प्रवासाला निघालो की आदल्या रात्रीपासून पाणी तोडायचो." पायरीवर त्यांनी विचारलेला प्रश्न मला आवडला नव्हता, पण हे ऐकताना त्यांच्याबद्दल मला आतून वाईट वाटलं. एकाच बाईत दोन्ही असतं.

२०११ साली मुंबईत संस्था-संघटनांनी 'राइट टू पी' मोहीम सुरू केली तेव्हा पुष्कळांनी थट्टा केली. डिसेंबर २०१५ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' आणि विद्या बाळ यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. स्त्रियांना रस्त्यावर स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृह मिळणं हा सन्मानाने जगण्याच्या हक्काचा भाग मानून न्यायालयाने महापालिकांना आदेश दिले. हा आपल्या चळवळीचा मोठाच विजय होता. पण तो शहरापुरता. महामार्ग ज्या गावांतून जातो तिथे हा प्रश्न अजून उभाच आहे. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह, पाणी, हवा विनामूल्य मिळाली पाहिजे असा तेल कंपन्यांचा नियम आहे. हवा मिळते. बाकीचं मागावं लागतं, आणि मागायला आपल्याला लाज वाटते. महाडजवळ रायगडाकडे जायची पाटी दिसते. तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेल्या हिरकणीची गोष्ट मी थोरलीला सांगितली. एसटी स्थानकांवर आता स्तनदा मातांसाठी तिच्या नावाचे कक्ष आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. ते उघडे आणि वापरात आहेत ना, हे बघणं आपल्या गटांचं काम. पण आईच्या धाडसाचं कौतुक करताना मला दर वेळी वाटतं, तिला कडा उतरावा लागू नये अशी व्यवस्था करणं जास्त महत्त्वाचं.

येताना आम्ही कुंभार्ली घाटाने आलो. घाट संपल्यावर, कोयनानगरपासून उंब्रजपर्यंत गाडी मी चालवली. मागच्या सीटवर नवरा मुलांमध्ये बसला. पहिल्या अर्ध्या तासात त्याने मला सात वेळा हाका मारल्या. लंगोट कुठे, रुमाल कुठे, हा का रडतो. मग हाका थांबल्या. त्याचं त्याला सापडायला लागलं. उंब्रजला उतरताना तो म्हणाला, "मागे बसणं म्हणजे गाडी चालवण्यापेक्षा जास्त दमणूक आहे." हे त्याला कुठल्या व्याख्यानातून कळलं नसतं. 'मी तुला मदत करीन' असं म्हणणारे नवरे आता बरेच भेटतात. मदत म्हणजे काम मुळात आपलं आणि उपकार त्यांचे. आपल्याला मदत नको, वाटणी हवी. आणि वाटणी करायची तर आधी कामं मोजावी लागतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मागच्या सीटवरची मी आणि चुलीपुढची ती, आम्ही दोघी बायका असलो तरी आमची स्थिती एक नाही. मी गिऱ्हाईक होते. माझ्याकडे गाडी होती, नोकरी आहे, माझ्या नावाचं बँकखातं आहे. मी दमले म्हणून थांबले, ती दमली तरी मी जेवले. आणि भाकऱ्या थापणाऱ्या बाईची स्थिती त्या दोघींपेक्षा वेगळी, करवंदवाल्या बाईची त्याहून वेगळी. 'आपण सगळ्या बहिणी' असं म्हणून हे फरक पुसून टाकता येणार नाहीत. आपली सुट्टी सोपी होते ती बऱ्याचदा दुसऱ्या बाईच्या स्वस्त किंवा फुकट श्रमावर. हे मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे.

बलात्कार, हुंडाबळी, विस्थापन असे प्रश्न समोर असताना हे काय काढलंस, असं एका मैत्रिणीने मला विचारलं. तिचा प्रश्न योग्य आहे. पण आपल्याकडे येणाऱ्या बाईजवळ मारहाणीच्या दिवशी जाण्यासाठी जागा नसते, हातात पैसा नसतो, नावावर काही नसतं. हे सगळं त्या एका दिवशी घडत नाही. 'मी घरची' म्हणत घालवलेल्या वीस वर्षांत ते घडत जातं.

म्हणून काही गोष्टी सुचवते. खानावळ, घरगुती राहण्या-जेवण्याची सोय, पापड-लोणच्यांचा उद्योग, जिथे जिथे बाई राबते तिथे नोंदणीत, परवान्यात, बँकखात्यात तिचं नाव सहमालक म्हणून लागलं पाहिजे, ही मागणी आपण ग्रामसभांत आणि बचत गटांच्या मेळाव्यांत करावी. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला. मुलाच्या नावात आई आली, तर आईच्या हातच्या जेवणाच्या फलकावर ती का नाही? कामाला ठेवलेल्या बाईला किमान वेतन मिळतं का, हेही त्याच वेळी विचारावं, नाहीतर एकीला मालक करून दुसरीला विसरल्यासारखं होईल. महामार्गालगतच्या गावांतल्या गटांनी आपल्या हद्दीतले थांबे बघून स्त्रियांच्या स्वच्छतागृहांची यादी करावी आणि ती तालुक्याला नेऊन द्यावी. आणि आपण प्रवासी म्हणून थांबू तेव्हा गल्ल्यावरच्या माणसाला 'जेवण छान होतं' असं सांगून निघू नये. आत जाऊन, ज्यांनी केलं त्यांना सांगावं.

मी आत गेले होते. जवळजवळ अर्धा तास बसले. धाकट्याला तिने पेज भरवली, त्याचे पैसे घेतले नाहीत. निघताना तिने थोरलीच्या हातात फणसपोळी ठेवली. मी तिला पूर्ण वेळ 'वहिनी' म्हणत होते. पुण्याला पोहोचल्यावर हा लेख लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, मी तिचं नाव विचारलंच नाही. भाकरी थापणाऱ्या बाईचंही नाही.

थोरलीला अजून उत्तर दिलेलं नाही. पुढच्या वेळी त्या रस्त्याने गेलो की तिथे थांबायचं आणि आत जाऊन तिनेच विचारायचं, असं आमचं ठरलं आहे. तोवर तुमच्या गटांत हा विषय बोलून बघा. आपल्या शेवटच्या सहलीची तयारी कुणी काय केली, याच्या दोन याद्या समोरासमोर मांडा. तुमच्या भागातल्या रस्त्यावर खानावळ चालवणाऱ्या बायकांशी बोला आणि काय कळलं ते लिहून पाठवा, त्यांची हरकत नसेल तर त्यांच्या नावांसह.